वणीचे बापूजी नेमके कोणाच्या बाजूचे?

यवतमाळात लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीला अणे कोण होते असे विचारले, तर स्वातंत्र्यसैनिक होते, वणीचे होते, राज्यपाल होते, एवढे उत्तर मिळते. त्यापुढे थोडे वाचलेला माणूस वेगळाच प्रश्न विचारतो: हे गृहस्थ काँग्रेसचे होते की काँग्रेसच्या विरोधातले?

प्रश्न रास्त आहे. १९३३ मध्ये अणे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी त्यांनी वेगळा पक्ष काढून काँग्रेसशी निवडणूक लढवली. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बसले. १९४८ मध्ये काँग्रेसच्या सरकारनेच त्यांना बिहारचे राज्यपाल केले. आणि १९६२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षात, ते काँग्रेसविरुद्ध अपक्ष उभे राहून नागपुरातून लोकसभेत गेले. आजच्या भाषेत याला दलबदलू म्हणतील. पण अण्यांना त्यांच्या हयातीत विरोधकांनीही सहसा संधिसाधू म्हटले नाही. याचा उलगडा करायचा तर क्रमाने जावे लागेल, आणि सुरुवात माणसापासून नाही, मुलखापासून करावी लागेल.

१. मक्त्याने दिलेला मुलूख

पुण्या-मुंबईच्या वाचकाला वणी म्हटले की सप्तशृंगीची, नाशिककडची वणी आठवते. ही वणी ती नव्हे. ही निर्गुडा नदीकाठची, कापसाची आणि आता कोळसा खाणींची, यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला चंद्रपूरला टेकलेली. लोकसभेचे मतही ती आज चंद्रपूर मतदारसंघात टाकते. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म इथे २९ ऑगस्ट १८८० रोजी झाला, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याचेच नाव वणी होते. इंग्रज ते 'वुन' असे लिहीत. मुख्यालय यवतमाळला आणि नाव वणीचे, असा मामला होता. १९०५ मध्ये जिल्ह्याचे नावही यवतमाळ झाले.

हा जिल्हा वऱ्हाडात येई, आणि वऱ्हाड नेमके कोणाचे हा त्या काळचा अवघड प्रश्न होता. निजामाकडे इंग्रजी फौजेच्या खर्चाची बाकी साचली, म्हणून १८५३ मध्ये त्याने हा कापसाचा सुपीक मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमच्या मक्त्याने घेतला आणि लगेच मध्य प्रांताला जोडला. मालकी मात्र कागदावर निजामाचीच राहिली. म्हणजे वणीचा शेतकरी सारा इंग्रजाच्या तहसिलीत भरायचा, पण कायद्याच्या पुस्तकात तो हैदराबादच्या राजाची प्रजा होता.

याचा एक गमतीदार परिणाम पाहा. वऱ्हाड ब्रिटिश मुलूख नसल्यामुळे तिथून कोणाला थेट 'निवडून' पाठवता येत नसे. मतदान व्हायचे, उमेदवार जिंकायचा आणि मग सरकार त्या जिंकलेल्या उमेदवाराची 'नेमणूक' करायचे. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या कामकाजात इतर सभासदांच्या नावापुढे मतदारसंघ छापला जाई, अण्यांच्या नावापुढे नुसते 'वऱ्हाडचे प्रतिनिधी'. ज्या माणसाचा मुलूखच कायद्याच्या एका पोटकलमावर उभा आहे, तो पोटकलमे बारकाईने वाचायला शिकतो. अणे तसे शिकले. नागपूरला मॉरिस कॉलेज, मग अमरावतीला काही वर्षे शाळामास्तरकी, १९०७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची वकिलीची पदवी (नागपूरला विद्यापीठ यायला १९२३ उजाडायचे होते), आणि १९०८ पासून यवतमाळात वकिली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आले.

२. सावडीचे राजकारण

टिळक १९१४ मध्ये सुटले. १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग काढली, तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडही होते, आणि अणे तिच्या उपाध्यक्षांपैकी एक झाले. १९१८ मध्ये त्यांनी यवतमाळात 'लोकमत' नावाचे साप्ताहिक सुरू केले. नाव टिळकांनी सुचवलेले. ते पुढे बंद पडले, स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डांनी त्याच नावाने पुन्हा सुरू केले आणि १९७१ मध्ये नागपुरात त्याचे दैनिक झाले. आज सकाळी चहाबरोबर ते चाळणाऱ्या बहुतेकांना हा धागा ठाऊक नसतो.

पण टिळकांकडून अण्यांनी घेतलेली खरी गोष्ट वर्तमानपत्राचे नाव नव्हे, राजकारणाची एक रीत होती. १९१९ मध्ये इंग्रजांनी नवा सुधारणा कायदा दिला. तो अपुरा होता हे सर्वांना मान्य होते. मग घ्यायचा की झुगारायचा? टिळकांनी अमृतसर काँग्रेसमध्ये मधला मार्ग मांडला, त्याला 'प्रतियोगी सहकारिता' म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना नाही. आपल्याकडे शेतात सावड घालतात. आज तुम्ही तुमची बैलजोडी घेऊन माझ्या पेरणीला या, उद्या मी तुमच्या पेरणीला येतो. तुम्ही आला नाहीत, तर मीही येणार नाही. भांडण नाही आणि उपकारही नाहीत. सरकार जेवढे पुढे येईल तेवढे आपण पुढे जायचे, ते थांबले की आपणही थांबायचे आणि अडवायचे, असा टिळकांचा हिशेब होता.

गांधीजींची रीत वेगळी. बैलजोडी द्यायचीच नाही, कारण शेतच बळकावलेले आहे. ऑगस्ट १९२० मध्ये टिळक गेले आणि काँग्रेसने गांधीजींचा मार्ग धरला. अणेही त्या प्रवाहात उतरले, १९२१ पासून १९३० पर्यंत ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. भाषेप्रमाणे प्रांत करताना काँग्रेसने वऱ्हाडला स्वतःची वेगळी प्रांतिक समिती दिली होती, ही बाब लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

जुनी ओढ मात्र गेली नाही. १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी काँग्रेसमधल्या कायदेमंडळात जाणाऱ्या गटाचा, म्हणजे स्वराज्य पक्षाचा, नियम मोडून मध्य प्रांताच्या सरकारात मंत्रिपदासारखी जागा घेतली. त्यावरून त्या पक्षात उभी फूट पडली. मोतीलाल नेहरू एका बाजूला. केळकर, जयकर, मुंजे आणि अणे दुसऱ्या बाजूला. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. तरीही दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, भारताच्या राज्यघटनेचा आराखडा तयार करणाऱ्या मोतीलालांच्याच समितीत अणे सभासद होते. त्या पिढीला मतभेद झाल्यावरही एका टेबलाशी बसता येई.

३. गवत कापण्याचा गुन्हा

१९३० मध्ये गांधीजींनी मीठ उचलले. किनाऱ्यावर ते सोपे होते. वऱ्हाडात समुद्र नाही. तरी अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारे, म्हणून दहीहंड्याला ते आटवून मीठ केले गेले आणि कायदा मोडला गेला. पण जून आला, पाऊस आला, आणि पावसाळ्यात मीठ कसले करणार? शिवाय यवतमाळ, पुसद, वणी या भागातल्या माणसाला मिठाच्या कायद्याने तसे फारसे छळलेलेही नव्हते. त्याला छळले होते जंगलाच्या कायद्याने.

ते कसे, हे नीट पाहू. सरकारने जंगलाचे मोठमोठे पट्टे 'राखीव' करून टाकले होते. त्यात गुरे चारायची तर चराईचा पास काढावा लागे. पास नसला तर जंगलखात्याचा नाकेदार गुरे हाकून कोंडवाड्यात घाली आणि दंड भरल्याशिवाय ती सुटत नसत. गवताचा भारा, जळणाची मोळी, मोहाची फुले, पळसाची पाने, ज्या गोष्टी गोंड, कोलाम, बंजारा आणि कुणबी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून यायच्या, त्यांच्यावर आता परवाना होता. वर नाकेदाराचा वेगळा हप्ता असे तो असेच.

अण्यांनी कायदा निवडला तो हा. १० जुलै १९३० रोजी पुसदला त्यांनी स्वयंसेवकांसह राखीव जंगलात जाऊन विनापरवाना गवत कापले. अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. काही दिवसांनी, २१ जुलैला, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनी यवतमाळजवळ हाच सत्याग्रह केला आणि तेही तुरुंगात गेले. वऱ्हाड-नागपुरात त्या पावसाळ्यात जंगल सत्याग्रहाचे लोण गावोगाव पसरले. कारण उघड आहे. विळा प्रत्येक घरात होता आणि गवत प्रत्येकाच्या गुरांना लागत होते.

माझ्या मते अण्यांच्या सगळ्या आयुष्यातला हा सर्वांत अस्सल निर्णय. कलकत्त्यात कायदा शिकलेला, संस्कृतात रमणारा पन्नाशीचा वकील चिखलात उतरून विळा चालवतो, यातले नाट्य सोडून द्या. बाहेरून आलेली चळवळ आपल्या मातीत कुठे रुजेल हे त्याने ओळखले, हे महत्त्वाचे.

४. हंगामी अध्यक्ष म्हणजे काय?

जानेवारी १९३२ मध्ये सरकारने काँग्रेस बेकायदा ठरवली. अध्यक्ष पकडला की तो जाताना पुढच्याचे नाव सांगून जाई, तो पकडला की त्याच्या पुढचा. हंगामी अध्यक्ष म्हणजे अशा साखळीतला एक दुवा. मानाचे पद कमी, तुरुंगाचे तिकीट जास्त.

अण्यांच्या वाट्याला ते १९३३ मध्ये आले आणि नेमके कठीण वळणावर. ८ मे रोजी गांधीजींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर २१ दिवसांचे आत्मशुद्धीचे उपोषण सुरू केले. सरकारने त्यांना सोडले. चळवळ काही काळ स्थगित ठेवावी अशी शिफारस त्यांनी केली आणि अध्यक्ष या नात्याने अण्यांनी सहा आठवड्यांची स्थगिती जाहीर केली. व्हिएन्नात उपचार घेत असलेले सुभाषचंद्र बोस आणि विठ्ठलभाई पटेल यांनी गांधीजींचे नेतृत्व अपयशी ठरल्याचे जाहीर पत्रकच काढले. इकडे व्हाइसरॉय विलिंग्डन गांधीजींना भेटायलाही तयार नव्हता. जुलैत पुण्याला कार्यकर्त्यांची बैठक झाली आणि अण्यांच्या सहीने सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक कायदेभंगाचा आदेश निघाला. गुप्त पद्धतीने चालणारे कामही बंद करण्यात आले. दोन वर्षे लाठ्या खाल्लेल्या कार्यकर्त्यांना ते जिव्हारी लागले.

निर्णय गांधीजींचा, सही अण्यांची आणि शिव्याही अण्यांनाच. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतः वैयक्तिक कायदेभंग केला आणि ते पुन्हा आत गेले.

५. २५० पैकी ८०

मग वर्षभरात हा माणूस काँग्रेस सोडून का गेला? त्यासाठी 'जातीय निवाडा' समजून घ्यावा लागेल. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी भारतातल्या कायदेमंडळांच्या जागा धर्म आणि समाजगटांप्रमाणे वाटून दिल्या. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांचा भाग गांधी आणि आंबेडकर यांच्या पुणे कराराने बदलला. बाकीचा निवाडा तसाच राहिला.

बंगालचे गणित करून पाहू. विधानसभेच्या एकूण जागा २५०. मुसलमानांना ११९. 'सर्वसाधारण' म्हणजे मुख्यतः हिंदूंच्या ८०. हिंदूंची लोकसंख्या साधारण ४४ टक्के आणि जागा ३२ टक्के. पण दुसरा आकडाही पाहा. मुसलमान निम्म्याहून जास्त असूनही त्यांनाही ४८ टक्क्यांच्या आतच जागा मिळाल्या. दोघांच्या ताटातला घास गेला कुठे? बराचसा मूठभर युरोपियन आणि व्यापारी हितसंबंधांकडे.

हा निवाडा मान्य नाही असे म्हटले तर मुसलमान दुखावतील, मान्य म्हटले तर हिंदू. काँग्रेसने १९३४ मध्ये 'मान्यही नाही, अमान्यही नाही' अशी भूमिका घेतली. पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे यांना ती पटली नाही. त्यांनी राजीनामे देऊन काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. बंगालमध्ये त्याला चांगले यश मिळाले, का ते वरच्या गणितावरून कळेल. अणे दिल्लीच्या कायदेमंडळात पक्षाचे नेते झाले. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. पण जागांचा हिशेब फक्त एकाच समाजाच्या बाजूने मांडणारा पक्ष देशाचा पक्ष होऊ शकत नाही, आणि तो झालाही नाही.

६. दारात बसलेला उपवासी

जुलै १९४१. महायुद्ध चालू. व्हाइसरॉय लिनलिथगो याने आपले कार्यकारी मंडळ वाढवले आणि त्यात पहिल्यांदाच भारतीयांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली. अण्यांकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते आले. टिळकांच्या सावडीचा हिशेब असा: सरकार एक पाऊल पुढे आले, आपणही जावे. फक्त एक गोष्ट डोळ्यांआड करून चालत नाही. गृह, अर्थ आणि लष्कर ही तिन्ही खाती गोऱ्यांच्याच हातात होती. बैल आपले, पण कासरा त्यांचा.

याची किंमत ऑगस्ट १९४२ मध्ये कळली. 'भारत छोडो' म्हणणाऱ्या काँग्रेसच्या नेत्यांना पकडणाऱ्या सरकारात अणे बसलेले होते. १६ ऑगस्टला चिमूरला उठाव झाला, अधिकारी मारले गेले, आणि नंतर फौज आली. तिने गावातल्या स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. चिमूर चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातले, आणि वणीहून वर्धा नदी ओलांडली की चांदा जिल्हा लागतो. म्हणजे हे दिल्लीतल्या मंत्र्याच्या अंगणातच घडले होते.

सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी हे ऐकून दिल्लीला गेले आणि थेट अण्यांना भेटले. मागणी साधी होती: चिमूरला चला, चौकशी करवा. अण्यांना ते जमले नाही. भन्साळी त्यांच्या बंगल्यावरच अन्नपाणी सोडून बसले. पोलिसांनी उचलून त्यांना सेवाग्रामला पोचवले, तरी त्यांनी उपोषण सोडले नाही. ते एकूण ६३ दिवस चालले आणि जानेवारी १९४३ मध्ये तडजोडीने संपले.

अण्यांच्या चरित्रातले हे पान त्यांचे चाहते भरभर उलटतात. मला ते थांबून वाचावेसे वाटते. प्रतियोगी सहकारितेचा सगळा जोर 'तुम्ही थांबलात की मीही थांबेन' या अटीत आहे. चिमूरला सरकार थांबले नव्हते, उलटे फिरले होते. मग अण्यांनी त्याच दिवशी बाहेर पडायला हवे होते. ते पडले नाहीत. युद्धाच्या काळात आतून काही करता येईल असे त्यांना वाटले असेल, पण आतून काही झाल्याचे दिसत नाही.

ते बाहेर पडले चिमूरनंतर सहा महिन्यांनी. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती ढासळत असताना सरकार सोडायला तयार नव्हते. १७ फेब्रुवारीला होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि अणे या तिघांनी राजीनामे दिले. ज्या गांधीजींपासून ते नऊ वर्षांपूर्वी दूर गेले होते, त्यांच्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतर सरकारने त्यांना भारताचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला पाठवले. तिथल्या चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांचे प्रश्न हाताळत ते १९४७ पर्यंत राहिले.

७. राजभवन आणि विदर्भ

जानेवारी १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जून १९५२ पर्यंत राहिले. नेमणूक झाली तेव्हा भारत अजून ब्रिटिश मुकुटाखालचे स्वायत्त राज्य होता. २६ जानेवारी १९५० ला ते त्याच खुर्चीत बसून प्रजासत्ताकाचे राज्यपाल झाले. असे वळण इतर देशांतही दिसते. नायजेरियाचे झुंजार पत्रकार आणि नेते नामडी आझिकिवे १९६० मध्ये ब्रिटिश राणीचे गव्हर्नर जनरल झाले आणि १९६३ मध्ये त्याच देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. वसाहतीतून देश घडवणाऱ्या पिढीला जुन्या खुर्च्यांवर बसूनच नवे घर मांडावे लागले. जाता जाता एक योगायोग: ज्या बिहारने पुढे जयप्रकाशांना लोकनायक म्हटले, त्याच्या राजभवनात त्याआधी वऱ्हाडचा लोकनायक राहून गेला होता.

निवृत्तीनंतर ते गप्प बसले नाहीत. १९५३ मध्ये नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगापुढे त्यांनी आणि ब्रिजलाल बियाणी यांनी वेगळ्या विदर्भाची बाजू मांडली. १९५५ च्या अहवालात आयोगाने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा अशा आठ जिल्ह्यांच्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला हा फुटीरपणा वाटतो. पण निजामाचा मुलूख, मक्त्याचा करार, कायदेमंडळातले वेगळे स्थान आणि काँग्रेसची स्वतःची प्रांतिक समिती, एवढे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला विदर्भ ही नवी मागणी वाटण्याचे कारणच नव्हते.

१९५९ च्या पोटनिवडणुकीत ते नागपुरातून लोकसभेवर गेले. १ मे १९६० ला विदर्भासह महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर नागपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले. महाराष्ट्र झाल्यावरही मतदार वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर मत देत होते, एवढे त्यातून दिसते. त्यांचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. वेगळ्या विदर्भाविषयी आणि मराठवाड्याविषयी बोलल्यावरून मार्च २०१६ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले.

८. एक मोठे काव्य

या सगळ्या धावपळीखेरीज अण्यांनी एक संस्कृत महाकाव्य लिहिले. त्याचे नाव 'श्रीतिलकयशोऽर्णव'. तीन खंड, बारा हजारांहून अधिक श्लोक, विषय टिळकांचे चरित्र. गांधीजींच्या काँग्रेसचे अध्यक्षपद, मालवीयांची साथ, व्हाइसरॉयचे मंडळ आणि नेहरूंच्या काळातले राजभवन पाहिलेल्या या माणसाने महाकाव्य लिहिले ते १९२० मध्ये गेलेल्या माणसावर. बाजू विचारणाऱ्याला यापेक्षा लांबलचक उत्तर कोणी दिले नसेल.

२६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच प्रजासत्ताकदिनी त्यांचे नाव पद्मविभूषणच्या यादीत होते. काव्याला साहित्य अकादमीचा संस्कृत पुरस्कार १९७३ मध्ये मिळाला, तेव्हा कवीला जाऊन पाच वर्षे झाली होती.